डोक्यावरची शपथ

"हात काढा! आधी तो हात काढा तिच्या डोक्यावरून!"

सत्यवती लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली. रामनाथ जागच्या जागी थिजला. समिधा बिचारी सँडलचा पट्टा लावायला खाली वाकली होती, ऑफिसला निघायची घाई, आणि बापाचा हात तिच्या केसांच्या जेमतेम वर लटकलेला.

"अगं, मी फक्त म्हणत होतो की आजपासून सिगरेट..."

"काय म्हणायचंय ते त्या फ्रिजवर हात ठेवून म्हणा. पोरीच्या डोक्याला हात लावायचा नाही!"

समिधाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे. तिला हसू येत होतं, पण आईचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "पप्पा, परत सोडताय ना? मस्त. ऑल द बेस्ट. चला, मी जाते."

"येते म्हणावं! जाते काय जाते!"

"बरं बाई, येते," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.

एवढं काय आकाश कोसळलं होतं, असं कुणालाही वाटेल. पण सत्यवतीला विचारा. सिगरेट सोडणं रामनाथला नवं नव्हतं. परळची चाळ सोडून ही माणसं भाईंदरला जेसल पार्कात आली तेव्हा नव्या घराबरोबर त्याने सिगरेट सोडली होती. मग थोरला भाऊ काशीनाथ गेला तेव्हा सोडली. त्या काशीनाथ भाऊजींचे शेवटचे दिवस सत्यवतीने डोळ्यांनी पाहिले होते. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून मांडीवर उशी घ्यायची, तिच्यावर कपाळ टेकायचं आणि बसल्या बसल्याच झोपायचं. नाकात नळी. एवढा धिप्पाड माणूस, पण बोलायला तोंड उघडलं तरी धाप लागायची. भाऊ गेल्यावर रामनाथने पाकीट खाडीत फेकलं आणि तेराव्याला जिन्याखाली उभा राहून ओढताना सापडला.

तेव्हा सत्यवतीचं डोकंच फिरलं. तिने त्याचा हात धरला, समिधाला समोर उभी केली आणि तिच्या डोक्यावर तो हात दाबून ठेवला. "घ्या शपथ. पुन्हा ओढलीत तर हिचं..." पुढचं वाक्य तिने पुरतं उच्चारलं होतं. आज ते मनातल्या मनातही तिला म्हणवत नसे.

रामनाथने शपथ घेतली. काही महिने पाळलीसुद्धा. आणि मग समिधाला डेंग्यू झाला. ताप उतरेना, रक्तातल्या पेशी भराभर खाली येऊ लागल्या, डॉक्टर धड काही बोलेनात. हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून रामनाथ ओक्साबोक्शी रडला होता. "मी ओढत होतो गं. चोरून ओढत होतो. माझ्यामुळे झालं हे."

पोरगी बरी झाली. डेंग्यू डासामुळे होतो हे सत्यवतीला कळत होतं, ती काही अडाणी नव्हती. पण कळणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. तेव्हापासून घरात एक विचित्र कारभार सुरू झाला. रामनाथ सोडायचा, परत धरायचा, धरली की सांगायचा नाही. सत्यवतीला शर्टाच्या वासावरून समजायचं आणि मग समिधाला नुसती शिंक आली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. मन चिंती ते वैरी न चिंती.

आता गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रामनाथला एका नळीत फुंकायला लावलं होतं. कागद पाहून ते म्हणाले, "भावाचं झालं ते तुमचं व्हायला नको असेल तर आत्ता थांबा. अजून हातात आहे." हातात आहे म्हणजे किती, हे विचारायची हिंमत दोघांपैकी कुणालाच झाली नाही.

समिधा गेल्यावर रामनाथ चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"एक मागू?"

"काय?"

"ती जुनी शपथ सोड. सुटली म्हण."

सत्यवतीचा हात पोळपाटावर थांबला. लहानपणी खेळताना कुणी आईची शप्पथ घातली की पोरं मागे लागतात, सुटली म्हण ना, सुटली म्हण. ज्याने घातली त्यानेच म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून भागत नाही. पन्नाशी उलटलेला हा माणूस तसाच, त्या पोरांसारखा, तिच्यासमोर उभा होता.

"म्हणजे तुम्हाला रान मोकळं! वा!"

"तसं नाही गं. ऐक तरी. मला तल्लफ आली की आधी शपथ आठवते. शपथ आठवली की समिधा डोळ्यांसमोर येते, हॉस्पिटलातली. मग छातीत असं धडधडायला लागतं... आणि धडधडायला लागलं की मला एकच गोष्ट सुचते. एवढ्या वर्षांची सवय आहे. ओढली की आणखी भीती, भीती वाटली की आणखी ओढ. मी सोडू कशी? आणि तुला सांगू कसं? एक ओढली असं सांगायचं म्हणजे पोरीवर घाव घातला असं सांगायचं."

"मी नाही म्हणणार," सत्यवती पोळी लाटत म्हणाली. "त्या शपथेने थोडातरी लगाम आहे. ती सोडली तर काय उरतं तुमच्याकडे?"

रामनाथने अर्धा कप तसाच ओट्यावर ठेवला आणि तो दुकानावर निघून गेला. दुकान म्हणजे काय, भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत एका जिन्याखालची जागा. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, असली दुरुस्ती. शेजारीच शिवाची पानाची टपरी. कर्मच आडवं यायचं तर असं येतं.

सत्यवती शिलाई मशीनवर बसली. घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची ती. हंसाबेनच्या सुनेची साडी संध्याकाळपर्यंत हवी होती. पदराशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, समिधाचा मेसेज आलेला नाही.

मीरा रोडला ऑफिसात पोचली की पोरगी रोज एकच शब्द पाठवायची, पोचले. आजारपणानंतर ते ठरूनच गेलं होतं. सत्यवतीने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ती पाणी प्यायली, तिने देवापुढे हात जोडले, पुन्हा लावला. पलीकडची ती बाई तेच ते वाक्य तिन्ही भाषांत ऐकवत राहिली.

आता शहाण्या माणसाने काय करावं? ऑफिसचा नंबर शोधावा. मैत्रिणीला विचारावं. सत्यवतीने यातलं काही केलं नाही. मशीनची सुई साडीत तशीच रुतलेली ठेवली, चप्पल पायात सरकवली आणि शेअर रिक्षा धरून थेट इंद्रलोक गाठलं. पोरीचं काय झालं याचं उत्तर नवऱ्याच्या तोंडाच्या वासात आहे, अशी तिची खात्री झाली होती. भीती माणसाला असं वेडं करते.

रामनाथ मिक्सर उघडून बसला होता. ती समोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "तुम्ही ओढलीत का?"

टपरीतून शिवानेच तोंड घातलं. "भाभी, एक ही पिया. आधा तो फेक दिया, कसम से."

"तुम बीच में कसम मत खाओ!" सत्यवती अशी किंचाळली की रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

"ओढली," रामनाथ खाली मान घालून म्हणाला. "मघाशी. का? काय झालं?"

"समिधाचा फोन लागत नाही. पोचले म्हणून मेसेज नाही."

रामनाथच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, तो त्याने उचललाही नाही. तो उठून उभा राहिला. आणि सत्यवतीच्या देखत, त्याचं स्वतःचं लक्षही नसताना, त्याचा उजवा हात टपरीकडे गेला. दोन बोटं पुढे. शिवानेही सवयीने पाकिटातून एक सिगरेट काढून त्या बोटांत दिली.

सत्यवती बघत राहिली. सकाळी तो काय सांगत होता ते तिला आत्ता दिसलं. लगाम, लगाम म्हणून जे ती इतके दिवस ओढत होती ते याला टपरीकडेच नेत होतं. अगं बाई, हे आपणच केलं की काय!

पण सोडायची म्हणजे काय? पोरगी सापडत नाही, आणि अशा वेळी ही शेवटची गाठ आपल्या हाताने सोडायची? शपथ सुटली आणि वाईट बातमी आली तर? नाही सुटली आणि तरी आली तर?

तिने दुकानाच्या फळीला धरलं. "अहो, इकडे बघा."

रामनाथने पाहिलं. सिगरेट अजून पेटायची होती.

"सुटली," ती म्हणाली.

"काय?"

"मी घातली होती, मीच सोडते. सुटली. समिधाचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही ओढलीत तर तुमची छाती खराब होईल, तिचं काही होणार नाही. ऐकलंत? सुटली म्हणतेय मी!"

आणि ती दुकानातल्या स्टुलावर मटकन बसली.

रामनाथ हातातल्या सिगरेटकडे असा बघत होता की जणू ती दुसऱ्याच कुणी तिथे ठेवली होती. त्याने ती फळीवर ठेवली, खिशातून मोबाईल काढला. ऑफिसचा नंबर कुठे मिळेल यावर दोघं पहिल्यांदाच धड बोलू लागले. तेवढ्यात सत्यवतीच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला. तिला उचलवेना. रामनाथने घेतला.

"पप्पा? मम्मीचा फोन तुमच्याकडे कसा? अहो, माझा फोन मेला सकाळीच, चार्जर घरी राहिला. रुचिताच्या फोनवरून करतेय. मम्मीला सांगा, पोचले. ओरडतेय का ती?"

शपथ सुटली म्हणून काही फोन आला नव्हता. मैत्रीण जागेवर आली म्हणून आला होता. पण रामनाथ तिथेच, मिक्सरच्या सुट्या भागांमध्ये, डोळ्यांवर हात घेऊन बसला, आणि सत्यवतीने पदराने आपलं तोंड पुसलं.

"मला सांगत जा," निघताना ती म्हणाली. "ओढलीत तर सांगा. नाही ओढलीत तर सांगा. मी काही करणार नाही."

"नक्की?"

"नक्की नाही. प्रयत्न करीन."

संध्याकाळी रामनाथ घरी आला. पायही न धुता तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. समिधा ताटं मांडत होती.

"तू दुकानावरून गेल्यावर परत एक ओढली," तो म्हणाला. "ती फळीवर ठेवलेली. वाईट वाटलं. पण ओढली."

समिधाने हातातलं ताट खाली ठेवलं. सत्यवती आमटी वाढत होती. डावाची कड वाटीला लागून खणखणली आणि आमटी बाहेर सांडली. तिच्या ओठांवर आलं होतं, एवढं मी सोडलं आणि तुम्ही? डोळ्यांसमोर काशीनाथ भाऊजी, मांडीवरची उशी. पण आजवर या माणसाने आपल्या तोंडाने कधी सांगितलं नव्हतं. दर वेळी तिनेच पकडलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "गार होतंय."

तिघं जेवली. रोज जेवण झालं की रामनाथ पाय मोकळे करायला म्हणून खाली जायचा. कशाला जायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. आज तो दारापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. मग बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर बसला. गुडघा सारखा हलत होता, कपाळावर घाम आला होता.

सत्यवतीने हात धुतले. रात्रीची भांडी तिने जन्मात कधी तशी टाकली नव्हती, पण आज ती ओट्याकडे वळलीच नाही. त्याच्याजवळ येऊन बसली, त्याचं मनगट धरलं.

"दादाला झालं तसं मला होईल का गं?" त्याने समिधाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं.

होणार नाही, असं म्हणायला तिची जीभ वळली होती. पण खोटं बोलायचं तिने आज टाळलं. "मला नाही माहीत. मलाही भीती वाटते."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तल्लफ गेली?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही अजून."

"बसू मग," सत्यवती म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसली.