दातांच्या खुणा

वहिनीच्या घरात दुरुस्त करण्यासारखं खरं म्हणजे काहीच उरलं नव्हतं. नऊ वर्षं दर शनिवारी दुपारी धाकटा दीर पिशवीत पाने-पकडी घेऊन येई आणि नळ, बिजागऱ्या, खुर्चीचे पाय, हाताला लागेल ते नीट करून जाई. तरी पुढच्या शनिवारी कसला ना कसला स्क्रू ढिला झालेला असेच. असं कसं होतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली की माणसाला बाकीचं दिसत नाही.

ती गोष्ट अशी. दोघे भाऊ बुटांच्या कारखान्यात कामाला होते. थोरला यंत्रं सांभाळणारा मिस्त्री, धाकटा बुटाचे तळ कापायच्या यंत्रावर. त्या यंत्राला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येई, म्हणजे हात पात्याखाली राहायची भीती नको. पण असं काम होतं सावकाश, आणि धाकटा पडला उतावळा. त्याने लाकडाची बोटभर पाचर कोरली, एक बटण तिने कायमचं दाबून ठेवलं आणि मोकळ्या हाताने चामडं सरकवू लागला. एके दिवशी घरी जाताना पाचर काढायची राहिली. पुढच्या पाळीला आलेली बाई पात्याखाली चामडं सारखं करत असताना तिचं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं. तिचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशी धड सुरूही झाली नव्हती, तोच थोरला उठून म्हणाला, पाचर माझी. मिस्त्रीच तो, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्याने धाकट्याकडे एकदाच पाहिलं. तू गप्प बस, एवढंच त्या नजरेत होतं. आणि हा शहाणा खरंच गप्प बसला. थोरल्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि तो तुरुंगातच गेला.

रविवारी दीर-वहिनी चर्चमध्ये कडेच्या बाकावर बसत, वहिनी भिंतीला लागून आणि हा तिच्या शेजारी. तिथली रीत अशी, की प्रभुभोजनाची भाकर कुणी स्वतः उचलायची नाही. शेजाऱ्याने तुकडा मोडून हातावर ठेवायचा. वहिनी दर वेळी त्याच्यासाठी तुकडा मोडे आणि हा दर वेळी मान हलवून हात मागे घेई आणि भाकरीचं तबक तसंच पुढे सरकवी. पोट बिघडल्याचं कारण त्याने इतक्यांदा सांगितलं होतं, की पाळकांनी एकदा चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं.

गेल्या रविवारी पाळक म्हणाले, की ख्रिस्ताने काही गुन्हा नसताना आपली शिक्षा अंगावर घेतली, आणि ज्यांच्यासाठी घेतली ते त्या लायकीचे आहेत का, हेही पाहिलं नाही. लोक शांतपणे ऐकत होते. धाकट्याच्या डोळ्यांपुढे मात्र भावाची ती नजर होती, आणि शेजारी वहिनी, जिला अख्खी गल्ली हात तोडणाऱ्याची बायको म्हणत होती. आपण तोंड उघडत नाही, तोवर दादाची शिक्षा चालूच आहे, हे त्याला तिथे बसल्या बसल्या लख्ख कळलं. पण सांगितलं तर वहिनी दार लावून घेणार. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. दुसरं दार त्याला नव्हतंच.

शनिवारी कपाटाची बिजागरी लटकत होती. त्याने पिशवी उघडलीच नाही.

"वहिनी, पाचर माझी होती. दादाची नव्हती."

वहिनी बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.

"माहीत आहे."

कोर्टात पाचर टेबलावर ठेवली होती, ती सांगू लागली. सगळे बघत होते ती कुठल्या चाकूने कोरली ते. तिने पाहिलं, की एक टोक चघळलेलं आहे. लहानपणी पेन्सिली न् चमचे चावून ठेवले म्हणून तिने याला थोडे का धपाटे घातले होते? ते दात ती कशी विसरणार?

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं.

"ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला विचारू नकोस, तो आपणहून सांगेल. तोवर त्याचं येणं तुटू देऊ नकोस. म्हणून मी दर शुक्रवारी एक स्क्रू ढिला करायचे."

तो हमसून हमसून रडला. रडू नकोस, असं ती म्हणाली नाही. बटाटे संपल्यावर तिने हात पुसले.

"मी माफ केलंय असं समजू नकोस. माफ त्यांनी केलं, भोगलंही त्यांनीच. स्क्रू काढताना मी तुला शिव्याच घातल्यात."

उद्या त्या बाईकडे जातो आणि मग पोलिसांकडे, असं तो म्हणाला. उपासना झाली की आपण दोघं जाऊ, वहिनी म्हणाली. नऊ वर्षं ती बाई भलत्याच माणसाला शाप देते आहे, ते आधी थांबायला हवं.

रविवारी तबक आलं. वहिनीने तुकडा मोडला. त्याने या वेळी दोन्ही हात पुढे केले, आणि तिने तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवली. त्याने तो खाल्ला. डोळे पुसून तबक पुढे द्यायला वळला, तर वहिनी आपले हात पसरून त्याच्याकडेच बघत होती.

तिच्या पलीकडे भिंत होती. तिला तुकडा मोडून देणारा शेजारी तो एकटाच होता. नऊ वर्षं तीही उपाशीच घरी गेली होती.