माझी भोकं आणि भालचंद्ररावांची मिशी

मित्रांनो, मी एक जुना पितळी कॉफी फिल्टर आहे, आणि एकदा माझा जीव आणि एका माणसाची मिशी एकाच पैजेवर लागली होती. थापा वाटतात ना? पण आमच्यात सगळं गाळूनच बाहेर पडतं, तेव्हा ठेवा विश्वास.

भोपाळ, पिपलानी, कारखान्याच्या क्वार्टरांची लाईन, सत्त्याण्णव सालचा एक रविवार. भालचंद्रराव व्हरांड्यात एक खोका फोडत होते. टूल रूममधले पट्टीचे कारागीर, आणि मिशी अशी की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं. खोक्यातून निघालं विजेवरचं कॉफी मशीन. मुलानं, उदयनं, बंगळूरहून पाठवलेलं. काचेचा जग, लाल दिवा, सगळा थाट.

कुंपणापलीकडून श्रीकांतराव डोकावले. हे कारखान्यात तपासणी खात्यात. कुठलाही तुकडा हातात घेतला की आधी मोजायचे, मग बोलायचे.

"काय रे भालचंद्र, प्रयोगशाळा काढतोस की काय घरी?"

"कॉफी मशीन आहे. आता हे डबडं भंगारात," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी पायरीवर पडलो होतो, पोटात नट-बोल्ट भरलेले.

"डबड्याला काय झालं? याच्यातली नलिनीवहिनींची कॉफी प्यायला मी अंघोळ टाकून यायचो."

"गेलं ते. जुनं झालं, चव मेली त्याची."

"पितळेची चव कशी मरेल?"

"मरते!" भालचंद्ररावांचा आवाज उगाचच चढला. "आठ दिवसांत यातून पहिल्यासारखी कॉफी काढून दाखव, मी ही मिशी उतरवीन. चौकात, मोहन न्हाव्याच्या खुर्चीत, सगळ्यांदेखत!"

"आणि नाही निघाली तर?"

"तर हे डबडं भंगारात, आणि तू माझं मशीन डोक्यावर घेऊन अख्ख्या कॉलनीत फिरायचं. भोंगा वाजवत."

"लागली. निकाल कोण देणार?"

"नलिनी देईल. तिला शिकवणाऱ्या मामींच्या कॉफीची चव तिच्याइतकी कुणाला ठाऊक?"

दारात त्यांची बायको, नलिनीताई, उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मला नका ओढू यात. माझ्या हातातच राहिलं नाही आता ते," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता तुम्ही विचाराल, नुसत्या कॉफीसाठी बाईचा चेहरा एवढा का उतरावा? थोडं मागे चला.

माझा जन्म तमिळनाडूतल्या कुंभकोणमचा. कारागिरानं मला ठोकलं, घडवलं, आतून कल्हई केली आणि वरच्या भांड्याच्या तळाला बारीक बारीक भोकं पाडली. ही भोकं म्हणजे माझा सगळा संसार. मी चार तुकड्यांचा आहे: वरचं भोकांचं भांडं, खालचं साठवणीचं, पावडर दाबायची दांडीवाली चकती आणि झाकण. फिल्टर निवडायचा असेल ना, तर त्याची चमक बघू नका. उजेडाकडे धरा आणि भोकं बघा. बारीक हवीत. वरचं भांडं खालच्यात घट्ट बसायला हवं. आणि हातात जरा वजन लागलं पाहिजे, म्हणजे उष्णता धरून राहतं. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला चमक विकायची असते.

विशालाक्षी मामी मला भोपाळला घेऊन आल्या. मामा कारखान्यात इंजिनियर, शेजारी नलिनीताई, नागपूरहून नव्यानं आलेल्या. मामींना मराठी येत नव्हतं, नलिनीताईंना तमिळ, आणि दोघींच्या हिंदीला भोपाळी भाजीवाले हात जोडायचे. पण कॉफी शिकवायला कुठली भाषा लागते? मामी चकतीनं पावडर हलकेच दाबायच्या. नलिनीताई जोर करायला गेल्या की त्यांच्या हातावर चापट. पाण्याला उकळी आली की भांडं खाली उतरवून मनात दहा आकडे मोजायचे, मग गोल फिरवत पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि माझ्याकडे पाठ फिरवायची. हा शेवटचा धडा सगळ्यात अवघड. अर्धा तास लागतो मला. थेंब... थेंब... थेंब. मला ठोकलं, हलवलं, वरून दाबलं तर मी रुसतो.

मामांची त्रिचीला बदली झाली तेव्हा मामींनी मला नलिनीताईंच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तू अच्छा बनाती. मेरे से अच्छा." आणि रडल्या. नलिनीताईपण रडल्या. मी पितळेचा, मी काय रडणार! पण त्या दिवशीचा कॉफीचा काढा जरा खारट झाला असेल तर मला विचारू नका.

मग काय दिवस होते! गणपतीत मंडप घालणाऱ्यांची कॉफी नलिनीताईंकडेच. लाईनमधले लोक साखर मागायला यायचे आणि पेला रिकामा करून, साखर विसरून जायचे. परगावच्या पाहुण्यालासुद्धा कुणीतरी सांगायचं, "यांच्याकडची घ्या एकदा."

आणि मग एका सकाळी माझ्यातून अर्ध्या तासाचा काढा दोन मिनिटांत खाली आला. पाणचट, वर गाळ.

नलिनीताईंना वाटलं पावडर जाड दळली गेली. बदलली. मग वाटलं पाणी कमी तापलं. मग कॉफीत मिसळायची चिकोरी कमी पडली. महिनाभर धडपडल्या. लोक आधी गप्प राहिले, मग म्हणू लागले, "वहिनी, आज चहाच टाका." पुढच्या गणपतीत मंडपाची कॉफी दुसऱ्या घरून आली. त्या दिवशी नलिनीताईंनी मला पुसलं, माळ्यावर ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "हातच बिघडला माझा." मामींना पत्रात त्यांनी कॉफीबद्दल पुन्हा कधी लिहिलं नाही.

चौदा वर्षं. त्यातच कधीतरी भालचंद्ररावांनी मला खाली काढून माझ्या पोटात नट-बोल्ट भरले. मी ते खडखडवायचो. कुणी ऐकलं नाही.

तर पैजेच्या संध्याकाळी श्रीकांतरावांनी मला घरी नेलं, नट-बोल्ट उपसले, उजेडाकडे धरलं. मग पेटीतून भोकं मोजायचे बारीक तारांचे गेज काढले आणि माझ्या एकेका भोकात घालून बघू लागले. मला गुदगुल्या झाल्या. त्यांना नाही झाल्या. ते आधी गंभीर झाले, मग एकदम खो खो हसायला लागले.

"दीड मिलिमीटर! दोनशे बारा भोकं, सगळी दीड! कडासुद्धा घासून गुळगुळीत!" ते मला म्हणाले. "बाबा रे, हे कुंभकोणम नाही. हे आमच्या टूल रूमचं ड्रिल आहे, आणि एवढं साफ काम तिथे एकच माणूस करतो."

बरोबर ओळखलं, मित्रांनो. भालचंद्ररावांची सातची पाळी असायची. साडेसहाला भोंगा, आणि माझी थेंब-थेंब चाललेली. रोज धुसफूस. शेवटी त्यांनी मला डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं, जेवणाच्या सुट्टीत ड्रिलखाली धरलं आणि भोकं मोठी करून माझी 'सुधारणा' केली. यंत्र हळू चालतं तर वाट मोकळी करा, एवढंच त्यांना ठाऊक. हळू चालणं हेच माझं काम आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बायकोला वाईट वाटायला नको म्हणून आधी गप्प बसले, मग बोलायची वेळ निघून गेली. रोज तिला खजील होताना बघायचे आणि मिशी कुरवाळायचे. कळलं का आता, मला भंगारात घालायची एवढी घाई का होती?

श्रीकांतराव कुणाला काही बोलले नाहीत. सोमवारी ड्यूटी संपली की स्कूटरवरून मला जवाहर चौकात घेऊन गेले, मुन्ने मियाँ कल्हईवाल्याकडे.

मियाँनी मला उलटं-सुलटं केलं. "को खाँ, ये लोटा है कि चलनी? किस दुश्मन ने छेदा?"

"दुश्मन नहीं, घरवाले ने।"

"तो फिर ठीक है. घरवाले ही छेदते हैं."

मियाँनी भट्टी फुंकली, नवसागर टाकला, पांढरा धूर झाला आणि कथील असं फिरवलं की माझी सगळी भोकं बुजली. मी मिटलो, आंधळा-बहिरा! वाटलं, संपलं. पण पुढच्या चार संध्याकाळी श्रीकांतराव चष्मा लावून, बारीक सुई चिमट्यात धरून एकेक भोक पुन्हा पाडत बसले. कथील मऊ असतं, सुई जाते. दोनशे बारा वेळा. शेवटचं भोक उघडलं तेव्हा दिव्याचा एवढासा किरण आत आला, आणि मला माझं कुंभकोणम आठवलं.

रविवार आला. व्हरांड्यात गर्दी. एकीकडे मशीन गुरगुरत होतं. बिचारं वाईट नव्हतं. त्याची कॉफीही बरी निघाली. पण माझ्यापुढे आज वेगळाच प्रश्न होता.

श्रीकांतरावांनी मला नलिनीताईंसमोर ठेवलं. "वहिनी, करायची तुम्हीच."

"भावजी, नको. लोकांसमोर फजिती नको."

"हात लावून तर बघा. नाही जमली तर मी मशीन डोक्यावर घेऊन फिरतोच आहे."

त्यांनी पावडर घातली. चकतीनं हलकेच दाबलं, आणि मध्येच थांबून आपलाच हात बघितला, चापट बसल्यासारखा. पाणी ओतलं. झाकण लावलं. पाठ फिरवली.

दोन मिनिटं. काहीच नाही. भालचंद्रराव घड्याळ बघायला लागले. मग... थेंब. मी इतक्या वर्षांत एवढा जपून कधी गळलो नव्हतो!

अर्ध्या तासानं ताज्या उकळलेल्या दुधात काढा पडला. नलिनीताईंनी घोट घेतला. मग दुसरा. डोळे मिटून म्हणाल्या, "ही मामींची." आणि डोळे उघडून, "ही तर माझी! मग इतकी वर्षं काय झालं होतं?"

श्रीकांतराव आकाशाकडे बघायला लागले. भालचंद्रराव चौकाकडे चालायला लागले. मागून अख्खी लाईन, आणि नलिनीताईंच्या हातात मी आणि पेला.

मोहन न्हावी गुलमोहराखाली खुर्ची टाकून बसला होता. "साब, सिर्फ ट्रिम ना?"

"पूरी निकाल दे." भालचंद्रराव खुर्चीत बसले. साबण लागला, वस्तरा वर गेला, तसा त्यांनी मोहनचा हात धरला. आणि टूल रूममध्ये मशीनच्या आवाजावर बोलतात तसं, खणखणीत बोलले, "ऐका सगळे! फिल्टरची भोकं मी मोठी केली होती. नलिनीचा हात कधीच बिघडला नव्हता. एक दिवससुद्धा नाही. आता चालव रे."

पैजेत एवढं ठरलेलं नव्हतं. हे त्यांनी वरचं भरलं.

मिशी दोन फटक्यांत गेली. खाली गोरा, ओशाळा ओठ निघाला, चौदा वर्षं शाळा चुकवलेल्या पोरासारखा. कुणी हसायची हिंमत करेना. सगळे नलिनीताईंकडे बघत होते.

"मिशी दोन महिन्यांत येईल," त्या म्हणाल्या. "माझे चौदा गणपती कुठून आणणार तुम्ही?"

"नाही आणू शकत."

"मग उद्यापासून सकाळची कॉफी तुम्ही करायची. यातच. आणि पडेपर्यंत समोर बसून राहायचं. हात न लावता."

"अर्धा तास?"

"अर्धा तास."

मग त्यांनी पेला पुढे केला. भालचंद्ररावांनी घोट घेतला, आणि साबणाच्या फेसासकट चेहरा उजळला. "अगं, याला वास किती आहे! मिशीत अडकत होता वाटतं इतकी वर्षं." तेव्हा कुठे नलिनीताई हसल्या, आणि मग गुलमोहराखाली जो हशा पिकला, त्यात मोहनचा वस्तरा खाली पडला.

तर मित्रांनो, मला साध्या गरम पाण्यानं धुवा, राखेनं घासू नका, उलटं ठेवून वाळवा. कल्हई झाल्यावर रिकामा कधी विस्तवावर ठेवू नका, कथील वितळतं. आणि एखादी वस्तू हळू चालली तर हातात ड्रिल घ्यायच्या आधी तिला एकदा विचारा. बोलेल की नाही ते सांगता येत नाही. पण तिच्यापुढे अर्धा तास बसाल ना, तर तुमचं तुम्हालाच कळेल. नाहीतर मोहनची खुर्ची तिथेच आहे, गुलमोहराखाली.