पडद्यावरच्या बाईचं उत्तर

पडद्यावरची बाई स्पॅनिशमध्ये रडत होती आणि श्रीनिवासराव माइकसमोर बसून तिला मराठीत रडवत होते. सिनेमाची प्रिंट पडद्याखालच्या इंग्रजी ओळींशिवाय आली, की फिल्म सोसायटीला त्यांची आठवण येई. विमा कचेरीतला हा कारकून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकला होता. कशासाठी, हे विचारणं पत्नीनं केव्हाच सोडून दिलं होतं.

सभासद जरा खट्टू होते. सेन्सॉरची कात्री न लागलेला सिनेमा म्हणून मंडळी शहरातून थेट हडपसरपर्यंत आली होती, आणि इथं तासभर नुसतंच यादवी युद्ध. कपडे उतरवले गेले, पण तेही प्रेतांचे.

नेहमीचं सभागृह दुरुस्तीला काढलेलं, म्हणून सर्जेरावांनी आपलं मंगल कार्यालय फुकट दिलं होतं. स्वतः पहिल्या रांगेत बसले होते. ते आणि श्रीनिवासराव एकाच गावचे, लहानपणी अरे-तुरेतले. गांधीहत्येनंतर बाहेरगावचा जमाव ब्राह्मणांची घरं शोधत आला, तेव्हा गावातल्या कुणीतरी बोट दाखवलं. ते बोट कुणाचं, हे श्रीनिवासरावांनी गोठ्याच्या फटीतून पाहिलं होतं. घर जळालं. वडिलांना आगीतून जिवंत बाहेर काढलं, पण शहरातल्या भाड्याच्या खोलीत ते वर्षभरही टिकले नाहीत. त्यानंतर दोघा मित्रांमधला आदर वाढला. ते एकमेकांना अहो-जाहो करू लागले, लग्नपत्रिका पाठवू लागले. बोटाचा विषय कधी निघाला नाही. आता तीस वर्षं उलटून गेली होती. श्रीनिवासरावांना मात्र पत्ता सांगताना कुणी बोट उचललं की धुराचा वास येई. आणि पुण्यात पत्ता सांगणारे पुष्कळ.

पडद्यावर युद्ध संपलं. विधवेच्या नवऱ्याला ज्यानं पकडून दिलं, तो शेजारी टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "तुला काही ठाऊक आहे का?" त्यानं विचारलं, ते श्रीनिवासरावांनी मराठीत सांगितलं. बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून आत गेली.

माइकमधून आवाज आला, "मी पाहिलंय. गोठ्यातून."

सिनेमातल्या घराला गोठा नव्हता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. निघताना एका प्राध्यापकांनी तर संवादाचं कौतुकच केलं आणि ते बस गाठायला धावले.

सर्जेराव मागे थांबले होते. "ती बाई तसं म्हनली का?"

"नाही."

"मग काय म्हनली?"

"काहीच नाही. आत गेली."

सर्जेराव कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. तिकडंच बघत म्हणाले, "मला वाटलं, घरात कुनी न्हाई. तुमी समदी पुन्याला गेलाय."

श्रीनिवासरावांनी वायर गुंडाळायला घेतली. ती गुंडाळून पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं लग्न होतं. खालची लांबलचक सतरंजी काढायला हवी होती. सर्जेरावांनी एका टोकाचे कोपरे धरले. दुसरं टोक धरायला आता दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा श्रीनिवासराव वाकले. झटकताच धूळ उडाली. दर घडीला दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागत होतं. दुसऱ्या घडीला सर्जेरावांच्या हातांवरच्या शिरा दिसू लागल्या. शेवटच्या घडीला श्वास ऐकू येऊ लागला. श्रीनिवासरावांनी आपल्याकडचे कोपरे त्यांच्या हातात दिले. सतरंजी जड होती, म्हणून खालून थोडा वेळ हात लावून ठेवला.