शालीखालची लाल वायर

रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध अभिनवची पांढरी मोटार उभी होती, बॅटरी पार उतरलेली. समोर स्पर्शानंद महाराजांची जीप. दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडी, त्यांवरून पसरलेली भली मोठी पिवळी शाल, आणि शालीच्या कडेला धुमसणारा उदबत्त्यांचा जुडगा.

"भक्तहो, हे विजेचं काम नाही, चैतन्याचं आहे!" महाराज गरजले. "डोळे मिटा! उघडे ठेवलेत तर तेजाने जातील!"

पटापट डोळे मिटले गेले. महाराजांचा ड्रायव्हर संपत 'पूजा मांडायला' शालीखाली शिरला. चट्ट असा आवाज झाला. महाराजांनी मोटारीवर हात ठेवला, एका शिष्याने किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू झालं. एकच जयजयकार उठला.

"लिफ्टलाही हात लावून जा म्हणावं," दुसऱ्या मजल्यावरचे श्रीधरपंत पुटपुटले. "गणपतीपासून बंद आहे."

कुणी हसलं नाही. कारण महाराज आता अभिनवच्या आईकडे, मंदाकिनीबाईंकडे वळले होते.

"माई, गाडी मेली नव्हती. तिचं तेज कुणीतरी पितंय. घरात नवं पाऊल कुणाचं?"

सगळ्या नजरा सलोनीवर गेल्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती आणि अभिनव दोघंही हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत. सलोनीने नवऱ्याकडे पाहिलं. विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तो गृहस्थ स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

त्या दिवसापासून सलोनीने गाडीत बसायचं नाही, असं ठरलं. "थोडे दिवस आईच्या कलाने घेऊ," अभिनव म्हणाला. एवीतेवी दोघं कंपनीच्या बसनेच जात. मोटार फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर निघायची. त्यामुळे त्याला ते फारसं गंभीर वाटलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी खडकीहून फोन आला. सलोनीचे वडील रंगराव, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, घरी एकटेच असत. त्यांच्या छातीत दुखत होतं. अभिनवने किल्ली उचलली. बॅटरी उतरल्यापासून तो मोटार रोज रात्री फिरवून आणत असे, ती अगदी ठणठणीत होती.

"ती बसली आणि वाटेत बंद पडली म्हणजे?" मंदाकिनीबाई दारात उभ्या राहिल्या. "त्यांच्याच जिवाशी खेळ होईल रे."

अभिनव मागे फिरला. मग म्हणाला, "सलोनी, तू रिक्षाने हो पुढे. मी आलोच मागून."

ती पर्स घेऊन धावत खाली गेली. पहिल्या रिक्षावाल्याने "खडकीला नाही जाणार" म्हणून मान फिरवली, दुसऱ्यानेही. तिसरा भला निघाला. त्याने आणि सलोनीने मिळून रंगरावांना जिन्यावरून खाली आणलं आणि इस्पितळात नेलं. अभिनव पोचला तेव्हा डॉक्टर सांगत होते, "उशीर झालाय, हृदयाला थोडी इजा झालीय. पण धोका टळला."

संध्याकाळी रंगरावांनी डोळे उघडले. जावयाच्या हातातली किल्ली त्यांना दिसली.

"गाडी आणलीत होय? मग ही रिक्षाने का आली?"

अभिनवने किल्ली खिशात टाकली. सलोनीने मान वळवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

वडिलांची शुश्रूषा करायला ती खडकीलाच राहिली. अभिनव एकटाच घरी आला. रंगरावांचा प्रश्न आठवला की त्याला स्वतःची किळस येई. दवाखान्यात जायचं तर तो बसने जाई, मोटारीला हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी मंदाकिनीबाईंना देवळात जायचं होतं, म्हणून त्याने किल्ली फिरवली. मोटार पुन्हा मेलेली!

मंदाकिनीबाईंनी महाराजांना निरोप धाडला. अभिनव मात्र खाली जाऊन मोटार धुंडाळू लागला. डिकी उघडून आतल्या छोट्या दिव्याचं बटण दाबलं, तर दिवा मिणमिणतच राहिला. झाकण लागलं की बटण दाबलं जाऊन दिवा विझायला हवा. ते बटण बिघडलं होतं. बंद डिकीत दिवा रात्रंदिवस जळत होता आणि बॅटरी पीत होता.

रविवारी पुन्हा गर्दी, पुन्हा शाल. महाराजांनी डोळे मिटायला सांगितले.

"मिटू नका!" अभिनव ओरडला. "महाराज, सलोनी आठवडाभर इथे नाही. मग तेज प्यायलं कुणी?"

"तिची सावली घरात राहते, बाळ."

"आणि ही कुणाची सावली?" अभिनवने शाल ओढली. खाली संपत एका हातात लाल आणि एका हातात काळी वायर धरून उकिडवा बसला होता. जीपच्या बॅटरीतून मोटारीला वीज द्यायची, एवढाच चमत्कार!

अभिनवने आधी उदबत्त्या विझवल्या. "बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, आत अॅसिड असतं. तुमचे डोळे तेजाने नाही, त्याने गेले असते."

मग सगळ्यांदेखत त्याने स्वतः जोडणी केली. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या. लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, तिचं दुसरं टोक जीपच्या अधिकला. काळी जीपच्या उणेला. "आणि हे शेवटचं टोक बॅटरीला लावायचं नाही. लांब, मोटारीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडाली तर तिथे उडू दे." जीपचं इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, मग मोटारीची किल्ली फिरवली. मोटार सुरू झाली. वायरी त्याने उलट्या क्रमाने काढल्या.

जयजयकार झाला नाही. महाराज जीपमध्ये बसत होते. मंदाकिनीबाई पायरीवर बसल्या. "अरे, मी त्या पोरीला काय काय बोलले..."

अभिनव तडक खडकीला गेला. सलोनी वडिलांची औषधं लावून ठेवत होती. त्याने सगळं सांगितलं. मग म्हणाला, "पहिल्या रविवारीच मला शालीखालून लाल वायर दिसली होती. मी डोळे मिटले नव्हते. कळलं होतं मला सगळं. चारचौघांत आईला खोटं पाडायचं धाडस झालं नाही. आज बोललो."

सलोनीने हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली.

"ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी समोर उभी होते, अभिनव. आज नव्हते."

ती घरी परतली, पण लगेच नाही. मंदाकिनीबाई स्वतः खडकीला जाऊन आल्या तेव्हा.

मंडळी, गाडी बंद पडली तर बॅटरी बघा, दिवे बघा, मेकॅनिकला बोलवा. सुनेच्या पावलांकडे बघू नका. डोळे मिटून मिळतो तो चमत्कार नसतो, फसवणूक असते. पण तिथे जमलेल्या सगळ्यांनीच काही डोळे मिटलेले नसतात. एखाद्याला वायर दिसलेली असते. तो जोवर गप्प आहे, तोवर बुवाला दुसऱ्या शिष्याची गरज नाही.