सकीनाबाईंच्या खोल्या

“मोडी वाचता येतं ना तुम्हाला?” अब्बास परकारांनी विचारलं आणि पिवळा पडलेला कागद विद्याधरच्या हाती दिला.

त्रेपन्न साल होतं. नव्या कायद्याने वक्फसुद्धा नोंदवणं भाग होतं, म्हणून विद्याधर हा सरकारी कारकून अंधेरीला त्यांच्या ओटीवर येऊन बसला होता. अब्बासमियाँच्या आजीने, सकीनाबाईंनी, तीन खोल्या अल्लाच्या नावाने वक्फ केल्या होत्या. वडिलांमागे त्या खोल्यांचे मुतवल्ली, म्हणजे कारभारी, अब्बासमियाँ झाले. मशिदीला तेल, रमजानात खजूर त्यांच्याकडून जात. मोहल्ल्यात मान होता. वक्फाचा हा कागद मात्र त्यांनी कधी कुणाकडून वाचून घेतला नव्हता.

रुकय्याबी चहा घेऊन आली. नवरा बोटीवर वारला तेव्हापासून, सोळा वर्षं, ती त्यांच्याकडे धुणीभांडी करी आणि मागच्या पडवीत निजे.

विद्याधर अडखळत वाचू लागला. “‘ज्या विधवेस कोणी नाही, तिने या खोल्यांत हक्काने राहावे. त्याबद्दल तिजकडून कोणी चाकरी घेऊ नये.’”

बशी ठेवता ठेवता रुकय्याबीचा हात थांबला.

“आता कोण राहतं तिथे, परकारसाहेब?”

तिन्ही खोल्यांत अब्बासमियाँच्या वखारीतलं सागवान रचलेलं होतं.

“विधवाच राहतात,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“नावं सांगा.”

अब्बासमियाँना एकही नाव सुचेना. तेवढ्यात रुकय्याबी म्हणाली, “लिवा ना, भाऊ. रुकय्या. मी ऱ्हाते तिथं.”

जिला सोळा वर्षं पडवीत निजवलं, तीच त्यांच्या अब्रूवर पांघरूण घालत होती. त्यांना मान वर करवेना.

“खोडा ते,” ते म्हणाले. “खोटं आहे. खोल्यांत माझं लाकूड आहे. ही पडवीत झोपते. तसंच लिहा.”

विद्याधरने तसंच लिहिलं. तिच्याकडे न बघता त्यांनी सही केली.

दुपारभर ते एकटेच लाकूड बाहेर ओढत राहिले; वखारीतल्या गड्यांना हात लावू दिला नाही. दिवस कलता कलता पहिली खोली मोकळी झाली. जमिनीवर धुळीचा थर होता. रुकय्याबी केरसुणी घेऊन उंबऱ्याशी आली, तशी त्यांनी हात पुढे केला.

“आण, मी झाडतो.”

“ऱ्हाऊ द्या, भाई,” ती म्हणाली. “तुमचं घर झाडायला येईन का नाय, ते उद्या सांगते. आज माझं झाडते.”

ती आत गेली. अब्बासमियाँ बाहेरच उभे राहिले. आत या, असं तिने म्हटलं नव्हतं.