तात्यांचा नेम

अंबिकाने उजवा हात खांद्यापासून सरळ पुढे नेला, कोपर ताठ केलं, आणि तात्यांनी तिच्या हातातल्या लाकडी पिस्तुलाच्या नळीवर एक नवा पैसा ठेवला. इतक्या अलगद, जसं झोपलेल्या तान्ह्यावर पांघरूण घालावं.

"हं. चाप ओढ."

तिने ओढला. आत बसवलेली शिवणयंत्राची स्प्रिंग टक्‌ करून वाजली आणि पैसा घरंगळत मशीनच्या पायपट्टीखाली गेला.

"सगळ्या हाताने ओढलास."

"तुम्हीच म्हणालात ओढ."

"मी म्हणालो ते तुला ऐकू आलं, तुझ्या मनगटाला आलं, खांद्याला आलं. सगळे धावले मदतीला. काम एकट्या बोटाचं आहे. आणि त्यालाही बार कधी सुटणार ते सांगायचं नाही. हळूहळू ओढत राहा म्हणायचं, बस्स. बार सुटला की तुझं तुलाच नवल वाटलं पाहिजे."

अंबिका वाकून पैसा शोधू लागली. दादरच्या मंडईमागे शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान, त्याच्या मागच्या बाजूला ही दीड खणाची जागा. चहूकडे उघडी पडलेली यंत्रं, तेलाचा वास, आणि समोरच्या भिंतीत एक खिळा. गेले तीन आठवडे शाळा सुटली की ती इथे येऊन त्या खिळ्यावर नेम धरत होती. अजून एकही खरी गोळी तिने पिस्तुलातून झाडली नव्हती. तरी रस्त्याने चालताना आताशा तिचे खांदे मागे जात, मान वर होई, आणि ट्रामच्या घंटेनेसुद्धा ती दचकत नसे. सोळा वर्षांची मुलगी, मॅट्रिकचं वर्ष, शाळेच्या एन.सी.सी.त बंदुकीच्या नेमबाजीत पहिली. आणि येत्या रविवारी मुलींची पिस्तुलाची निवड, पहिल्यांदाच. पिस्तूल मैदानावर मिळणार होतं. शिकवणारा मात्र जिचा तिने आणायचा. अर्जावर त्याचं नाव आणि खाली पालकाची सही.

शिकवणारा काही भाजीबाजारात मिळत नव्हता. पोलीस चाळीत विचारलं तर एक शिपाई म्हणाला, "पोरी, घरी लाटणं असेल ना? त्याच्यावर हात बसव आधी." फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात म्हातारा पारशी चष्म्यावरून बघत म्हणाला, "दीकरी, पयला लायसन पायजे, मग पिस्तूल, मग शिकवनार. तू तीनमधला एक तरी घेऊन ये नी." ती पायऱ्या मोजत घरी आली.

मग एके दिवशी शाळेतली शिवणाची यंत्रं दुरुस्त करायला तात्या आले. ड्रिल आणि शिवण दोन्ही एकाच बाईंकडे, त्यामुळे शिवणाच्या वर्गात अंबिका फूटपट्टी धरून मैत्रिणींना नेम दाखवत होती. यंत्राखाली आडवा झालेला एक पन्नाशीचा माणूस वर न बघताच म्हणाला होता, "कोपर मोडतंय तुझं."

"पोलिसांत होतो," नंतर त्यांनी सांगितलं. "साहेब लोकांना रिव्हॉल्वर शिकवायचो. अकरा वर्षं."

"मग सोडलंत का?"

"काढलं. नेम चुकला म्हणून."

अंबिका खळखळून हसली होती. तात्याही हसले होते, जरासे.

पैसा सापडला. तिने तो फ्रॉकला पुसून तात्यांच्या हातात दिला आणि दप्तरातून शाळेच्या सरावातले कागद काढले, बंदुकीच्या गोळ्यांनी भोकं पडलेले. हा तात्यांचा आवडता खेळ होता. कुणी मारलंय ते न सांगता कागद पुढे ठेवायचा.

"हिने श्वास रोखून धरला. ही घाबरट, आवाजाआधीच डोळे मिटते. आणि ही..." पाच भोकं एका रुपयाखाली झाकतील अशी, पण सगळी खालच्या कोपऱ्यात. "ही तू."

"कशावरून? मध्ये एकही नाही."

"मध्ये कशाला हवं? गुरूप बघ, गोळ्यांचं गुरूप. एक गोळी कुठेही जाते, ती नशिबाची. पाच एका जागी गेल्या की त्या माणसाने पाठवल्या. बंदुकीची माशी वाकडी असेल, पण तुझा हात खरा आहे." कागद दुमडून परत देत ते म्हणाले, "नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघू नये, अंबे. तोंडं फसवतात. कागद बघावा."

पुन्हा हात वर. पुन्हा पैसा. या वेळी तिने फक्त माशी बघितली, नळीच्या टोकाचा तो मुगाएवढा उंचवटा. हळूहळू खिळा पुसट झाला, भिंत पुसट झाली, बाहेर मंडईत भाजीवाल्यांचा कालवा चालला होता तो कुठल्या कुठे गेला. सगळ्या मुंबईत तेवढा एक मुगाचा दाणा उरला. टक्‌. ती दचकली. पैसा नळीवरच होता.

तात्यांनी पैसा उचलून खिशात टाकला. तिच्या मात्र आपल्याच हाताकडे बघून अंगावर काटा आला. हा माझाच का?

---

"आधी मी त्या मास्तराला बघणार, मग सही," आई म्हणाली होती. बाबा गोदीत, घरातल्या सह्या, रेशन, भांडणं, सगळं आईकडे, कौसल्याकडे. मिलच्या रात्रशाळेत लिहायला शिकली तेव्हापासून ती कुठल्याही कागदावर तो पुरता वाचल्याशिवाय सही करत नसे. "पिस्तूल म्हणजे काय फुगडी आहे? कोण माणूस, कुठला, बघायला नको?"

शुक्रवारी पहिली पाळी सुटल्यावर ती दुकानात आली. केसांत अजून कापसाची तूस होती. अंबिका धावत पुढे गेली.

"तात्या, आई आलीय."

तात्या उठले, चिंधीने हात पुसत म्हणाले, "या ताई. बसा."

कौसल्या बसली नाही. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्या उजव्या हाताकडे. मग ती वळली आणि पायरी उतरून चालायला लागली. तात्या चिंधी धरून तसेच उभे राहिले. त्यांना काही विचारावंसं वाटलेलं दिसलं नाही.

"आई, अगो काय झालं? थांब ना."

"सही व्हायची नाही."

"पण का?"

मंडईच्या कोपऱ्यावर कौसल्या थांबली. लोक कडेने जात होते. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"जयवंतमामा गेला त्या दिवशी मी तिथं होते. गोदामाच्या गल्लीत. पोलीस बंदुका घेऊन एका बाजूला, आणि हा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर. पिस्तूल होतं ते एकट्या याच्याच हातात." तिने आपला उजवा हात खांद्यापासून सरळ ताणला. "असा. इकडं नाही, तिकडं नाही. सहा बार काढले. मी मोजले. तिसऱ्याला जयवंत पडला."

आईचं कोपर ताठ होतं. मनगट घट्ट. तात्या म्हणाले असते, हं, बरोबर. हे मनात आलं आणि अंबिकाने नजर वळवली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा, तिला आठ दिवस खोलीबाहेर सोडलं नव्हतं. मामाला घरी आणलं तेव्हा तिने फक्त त्याचे पाय बघितले होते. तेव्हापासून आई मिलला लांबच्या वाटेने जाई; गोदामाच्या गल्लीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं, आणि अंबिकालाही टाकू दिलं नव्हतं.

घरी भाकरी तशीच ताटात राहिली. तो पैसा ठेवणारी बोटं सारखी डोळ्यांपुढे येत. इतकी हलकी बोटं. तिने स्वतःचा हात परकरात खुपसून ठेवला. त्या हाताने जे शिकलं होतं ते कुठून आलं होतं, हे आता कळलं होतं, आणि शिकलेलं काढून टाकता येत नव्हतं.

सकाळी शाळेला निघाली ती गोदामाच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. कागद बघावा, असं तात्याच म्हणाले होते ना. मग बघूच दे.

पिठाची गिरणी चालू होती. ती पायरीवर चढली. समोर गल्ली साठेक पावलं सरळ गेलेली आणि शेवटी गोदामाची तीन मजली उंच भिंत, एकही खिडकी नसलेली. खाली 'झालाच पाहिजे' पुरुषभर अक्षरांत रंगवलेलं, दरवर्षी नवा चुना मारून पुन्हा पुन्हा लिहिलेलं. तिने हात सरळ धरला. बोटाच्या टोकाशी माणसं आली. दूधवाला, नळावरच्या बायका. सगळ्यांच्या छात्या बरोबर बोटाच्या रेषेत. तिने हात खाली घ्यायला सुरुवात केली, आणि मग आईचा हात आठवला. कालचा, मंडईच्या कोपऱ्यावरचा. आईने हात खांद्यापासून सरळ धरला होता खरा. पण खांद्याच्या रेषेत नव्हे. मनगट कपाळाच्याही वर होतं.

अंबिकाने तसाच हात धरला. बोटाचं टोक अक्षरांच्या वर गेलं, चुना जिथवर पोचला होता त्याच्या वर, रंगवणाऱ्यांच्या शिड्या संपत असतील तिथे. जुन्या काळ्या गिलाव्यावर एक फिकट डाग होता.

ती गल्लीतून पळतच गेली. भिंतीखाली उभी राहून तिने मान मागे टाकली. डाग नव्हता तो. गिलावा फुटून आतली वीट दिसत होती. एक, दोन, तीन. चौथं तिसऱ्यालाच लागून. पाचवं. सहावं. सहाही एका तळहाताखाली झाकतील.

शाळेची घंटा होऊन गेली असेल. ती हलली नाही. साठ पावलं. शाळेत वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून, बाई शांत राहा म्हणत असताना, पंचवीस पावलांवर तिचं गुरूप रुपयाएवढं आलं होतं आणि बाईंनी पेढे वाटले होते. इथे दगड येत होते. धूर होता. हुकूम ओरडला जात होता, शेजारी बंदुका वाजत होत्या, माणसं पडत होती. आणि या माणसाने मोकळ्या हाताने, श्वास अर्धा सोडून, एका मुगाच्या दाण्याकडे बघत, सहा गोळ्या कोणीच नसलेल्या जागी एकामागोमाग एक नेऊन ठेवल्या होत्या. जशा पैसा ठेवावा तशा.

नेम चुकला म्हणून काढलं. आणि आपण हसलो होतो.

---

"मी त्या गल्लीत येणार नाही," त्याच दुपारी मिलच्या फाटकाशी कौसल्या म्हणाली.

"सही करू नकोस. मी मागणारही नाही. फक्त बघायला ये."

"काय आहे बघण्यासारखं?"

"तू त्याचा हात बघितलास. गोळ्या कुठं गेल्या ते बघितलंस?"

"जयवंत पडला तिकडं बघत होते मी. दुसरं काय बघू?"

पण ती आली. गल्लीच्या तोंडाशी तिची पावलं अडली, मग तिने अंबिकाचं मनगट पकडलं आणि दोघी चालत गेल्या. जिथे मामा पडला होता तिथे कौसल्या क्षणभर थांबली, वळसा घालून पुढे झाली. भिंतीखाली अंबिकाने नुसतं बोट वर केलं.

कौसल्याने कपाळावर हाताची सावली धरली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. सहापर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. मागावरचा एक तुटका धागा हजार धाग्यांत शोधणारे डोळे ते.

"सगळ्या एवढ्या जवळ जवळ," ती म्हणाली.

"तात्या म्हणतात, अशा आपोआप जात नाहीत. पाठवाव्या लागतात."

कौसल्याने कपाळावरचा हात खाली घेतला.

"एवढ्या उंचीवर कोण चालतं?" शेवटी ती म्हणाली.

दोघी तशाच दादरला गेल्या. दुकानात तात्या एका यंत्राचं पोट उघडून बसले होते. तिला बघून ते उठले. या बसा म्हणाले नाहीत.

"भिंत बघून आले," कौसल्या म्हणाली.

तात्यांनी अंबिकाकडे बघितलं. मग खाली.

"तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय, ताई? माझ्या सहा वर गेल्या म्हणून खाली पडलेलं कोण उठलं?"

"माझा भाऊ होता."

"हो का." तात्यांनी हातातला स्क्रू जपून फळीवर ठेवला. तो गडगडू नये म्हणून त्याच्यावर बोट ठेवून उभे राहिले. "मला दिसलं नाही, ताई. कोण पडलं, कुणाच्या गोळीने, काहीच दिसलं नाही. मी माशी बघत होतो. तेव्हा दुसरं काही दिसत नाही."

बाहेर मंडईत कोणी कोथिंबिरीच्या जुड्यांवरून हुज्जत घालत होतं. मग कौसल्या पुढे झाली, यंत्राच्या फळीवरची तेलकट चिंधी तिने बाजूला केली आणि पदराने तेवढी जागा पुसली.

"अंबे, तो अर्ज काढ."

अंबिकाने काढला. कौसल्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत, नेहमीसारखा. एका रिकाम्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"इथं तात्या असं लिहून चालायचं नाही," ती म्हणाली. "तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं."

तात्यांनी सांगितलं. पण ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"पुन्हा सांगा," कौसल्या म्हणाली. "सावकाश. माझा हात हळू चालतो."