केरूने प्याला संपवला

सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली आणि नाशिकच्या मेडिकल दुकानांतून प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या गायब झाल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून भाजी घ्यायला लागले. सुरतेची एसटी स्टँडवर लागली की रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून लांब जाऊन उभे राहत. हे १९९४ साल. येणारा रविवार नेमका महिन्याचा पहिला होता, आणि पहिल्या रविवारी पाळक रंगनाथ उजगरे यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी.

मंडळी लहान, पण जुनी. मिशनरी साहेबांच्या वेळचा चांदीचा एक प्याला होता. प्रभूच्या मेजापाशी सगळे सारखे, म्हणून सगळ्यांनी त्या एकाच प्याल्यातून घ्यायचं, असा रिवाज होता. फक्त पुढच्या बाकांवरच्या घराण्यांनी आधी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, मग मधल्यांनी, मग मागच्यांनी. असा नियम कुणी केला नव्हता, पण तो कुणी मोडलाही नव्हता. उजगरे एकेकाच्या ओठाला प्याला लावत, कड फडक्याने पुसत आणि पुढे सरकत. शेवटी उरलेला द्राक्षारस पाळकांनीच पिऊन टाकायचा. आशीर्वाद दिलेला रस बाटलीत परत ओतत नाहीत आणि मोरीतही टाकत नाहीत.

मंडळीच्या पंचकमिटीची बैठक शुक्रवारी संध्याकाळी झाली. एरवी ती सेक्रेटरी भारतराव पगारे यांच्या इंदिरानगरच्या बंगल्यावर व्हायची, कारण तिथे चहाबरोबर चिवडा असायचा. या वेळी भारतराव म्हणाले, "घरी रंगकाम चाललंय. चर्चमध्येच बसू."

विषय एकच होता, रविवारचा प्याला. दीपक, ज्याचं मेडिकलचं दुकान होतं, त्याने खोकल्याच्या औषधाची टोपणं आणायची तयारी दाखवली. प्रत्येकाला वेगळं टोपण.

"प्रभूचं रक्त खोकल्याच्या टोपणातून देणार?" भारतराव म्हणाले.

"उकळून आणतो ना."

"उकळलं तरी त्यावर पाच एमएल, दहा एमएल लिहिलेलं असतं. उद्या कुणी विचारील, मला पाच का आणि यांना दहा का."

भाकर रसात बुडवून द्यावी असंही एकाने सुचवलं. पण पाळकांची बोटं रसात बुडतील, आणि ती बोटं आधी कुणाकुणाच्या जिभेला लागलेली असतील, यावर बरीच सूक्ष्म चर्चा झाली. मग उजगरे म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी पटकीच्या साथीतसुद्धा याच प्याल्यातून घेतलं. विश्वास पाहिजे."

विश्वास सगळ्यांचाच होता. प्रश्न केरूचा होता.

केरू टेम्पो चालवायचा. नाशिकची कोथिंबीर आणि मेथी सुरतेच्या मार्केटला न्यायची आणि रिकामा टेम्पो घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. त्याच आठवड्यात तो सुरतेहून आला होता. तो आणि त्याची बायको नवसाबाई शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्याला त्यांच्यापाशी तसाही शेवटीच यायचा. तरीही कमिटीने ठराव केला की सुरतेहून आलेल्या सभासदांनी सर्वांत शेवटी प्रभुभोजन घ्यावं. ठराव भारतरावांनी मांडला. केरूचं नाव घालू नये, मन दुखावेल, असंही त्यांनीच सुचवलं.

शनिवारी ते स्वतः टेम्पो स्टँडवर गेले. केरूपासून चांगली दहा पावलं लांब उभं राहून त्यांनी हाक मारली, "केरूभाऊ." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला भाऊ म्हटलं नव्हतं, म्हणून केरूने आधी मागे वळून दुसरं कोण आहे ते पाहिलं.

"उद्या तुम्ही शेवटी या. नवसाबाईंच्याही नंतर. कमिटीने तसा मान दिलाय."

"मान?" केरू म्हणाला. "बरं हाय. पण साहेब, मी मार्केटात शिरलोच नाय. नाक्यावरच माल उतरवून घेतला त्यांनी."

"ते मला कळतं हो. लोकांना कसं सांगणार?"

इकडे उजगऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती, आणि ती काही केल्या डोक्यातून जात नव्हती. केरू शेवटचा नव्हताच. केरूच्या नंतर प्याला त्यांच्या स्वतःच्या तोंडाला लागणार होता. विश्वासावरचं प्रवचन लिहिता लिहिता त्यांनी दीपकला फोन केला. दीपकने कपाटाच्या मागे ठेवलेली टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांची एक पट्टी काढून दिली. आणखी कोणाकोणाला दिली ते सांगितलं नाही, पण पाळकसाहेब पहिले नव्हते.

रविवारी चर्च भरलं होतं. आजारपणाची भीती आणि गैरहजेरीची चर्चा यांत लोकांनी चर्चेला जास्त घाबरायचं ठरवलं होतं. पुढच्या बाकांवरची माणसं कधी नव्हे ती झटपट उठली. म्हाताऱ्यांना पुढे जाऊ द्यायची पद्धत त्या दिवशी कुणाला आठवली नाही. कठड्याशी एकमेकांना कोपर लागत होतं आणि चेहरे मात्र अतिशय नम्र होते. भारतरावांचं कुटुंब पहिलं आलं. त्यांची सुरतेला दिलेली मुलगी हर्षालीही सोबत होती. "साथीच्या आधीच आलीय, दसऱ्याच्या माहेरपणाला," भारतरावांनी दारातच सांगून टाकलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

नवसाबाई प्रभुभोजन घेऊन जागेवर गेली. मग केरू एकटा आला. सगळं चर्च डोळे मिटून प्रार्थना करत होतं आणि पापण्यांच्या फटीतून बघत होतं. उजगऱ्यांनी प्याला पुढे केला. त्यांचा हात किंचित थरथरत होता. केरूने प्याला दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि खाली घेतलाच नाही. मान मागे टाकून त्याने शेवटच्या थेंबापर्यंत सगळा रस पिऊन टाकला आणि रिकामा प्याला परत दिला.

उजगऱ्यांच्या अंगातून एकदम ताण उतरला. इतकं हलकं त्यांना गेल्या कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग त्या हलकेपणाचीच त्यांना लाज वाटली.

उपासना संपल्यावर ते अंगणात केरूजवळ गेले. "केरूभाऊ, सगळाच घेतलात?"

"हा," केरू म्हणाला. "नायतर माझ्या मागून तुम्हाला प्यावा लागला असता. तुमचा हात हालत व्हता." मग त्याने विचारलं, "चुकलं का काय?"

अंगण रिकामं होईपर्यंत उजगरे त्याच्या शेजारी उभे राहिले.

सोमवारी इंदिरानगरात महापालिकेची माणसं फवारणीचे पंप घेऊन भारतरावांच्या दारात उतरली. शेजाऱ्यांनी कळवलं होतं. हर्षाली, तिचा नवरा आणि सासू सुरतेत पळापळ सुरू झाली त्याच रात्री निघून आले होते आणि तेव्हापासून माडीवर राहत होते. रंगकाम वगैरे काही नव्हतं. म्हणजे रविवारी सगळ्या मंडळीने सुरतेहून आलेल्या हर्षालीच्या नंतर प्याला घेतला होता, आणि खरं म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा पहिली होती, तीही तिलाच मिळाली होती.

कुणालाही काही झालं नाही. कमिटी पुन्हा बसली. संकटातून मंडळीला राखल्याबद्दल उपकारस्तुतीचा ठराव झाला, तोही भारतरावांनीच मांडला. दुसरा विषय केरूचा होता. सामायिक प्याला एकट्याने संपवणं हे असभ्यपणाचं आहे, त्याला समज द्यावी, असं ठरत आलं.

"समज मी देतो," उजगरे म्हणाले. "पण आधी माझं ऐका. तो रस मी प्यायचा होता, आणि मला तो नको होता. दीपकच्या गोळ्या खाऊन मी विश्वासावर बोललो. केरूला ते कळलं. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्हीही गोळ्या खाल्ल्या होत्या."

दीपक छताकडे बघत राहिला. भारतरावांनी पुढचा विषय घेतला. तो दिव्यांच्या वायरिंगचा होता आणि त्यावर सगळे फार मन लावून बोलले.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उजगऱ्यांनी वेदीपाशी उभं राहून सांगितलं की आज मागच्या बाकापासून या. थोडी कुजबुज झाली. भारतराव सवयीने अर्धे उठले होते, ते तसेच वाकून बाकाखाली काहीतरी शोधायला लागले.

केरू आणि नवसाबाई मधल्या वाटेने पुढे आले. कठडा रिकामा होता. केरू तिथे येऊन नुसताच उभा राहिला. आजवर तो पुढच्यांचं बघून गुडघे टेकत आला होता. हात कुठे ठेवायचे, मान कधी वाकवायची, हे तो त्यांच्याकडे बघूनच करायचा. आज पुढे कोणी नव्हतं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आता काय करायचं असतं?"

उजगरे खाली वाकले. "मलाही नीट माहीत नाही," ते म्हणाले. "आपण आधी गुडघे टेकू." आणि त्यांनी कठड्याच्या आतल्या बाजूला, त्याच्या समोर गुडघे टेकले.